पेटी पस्तीस सेंट चढी

दिवाळीच्या आधीचा रविवार, सकाळचे साडेदहा. फरक पस्तीस सेंटचा. हजर माणसं पाच. बँडचा प्रमुख प्रथमेश, गाणारी सायली, म्युझिक कंपनीचा निखिल आणि मी काचेच्या अलीकडे. पलीकडे पेटीवाले अण्णा.

अण्णांनी पेटीवर पहिला सूर धरला आणि आमच्या स्पीकरमधून जे आलं ते ऐकून सायलीने तोंड वाकडं केलं. जेवताना खडा लागावा तसं. मी गाणं थांबवलं.

मी साउंड इंजिनिअर आहे. राहते गिरगावात, फणसवाडीत. दादरला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझा लहानसा स्टुडिओ आहे. आरत्या, जाहिराती, बालगीतं, निवडणुकीच्या घोषणा, असं सगळं मी रेकॉर्ड केलेलं आहे. लोकांना वाटतं हे कानाचं काम. कान लागतोच, पण रोजचं काम मोजमापाचं असतं. माइक किती इंचांवर, आवाज किती डेसिबल, कुठल्या सेकंदाला खोकला आला. मला ते आवडतं. घरातही दुधाचा हिशोब माझ्याकडेच असतो.

आता सेंट म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पेटीवरच्या लागून असलेल्या दोन पट्ट्या घ्या, एक पांढरी आणि शेजारची काळी. त्यांच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे एक सेंट. पाच-सहा सेंटचा फरक बहुतेकांना कळत नाही. दहा-पंधराचा गाणाऱ्याला कळतो. पस्तीसचा कळायला गाणं यावं लागत नाही.

बँडचं नाव ‘तिसरा माळा’. नायगावच्या बीडीडी चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावर ही मुलं वाढली. प्रथमेश परळच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे आणि बास गिटार वाजवतो. सायली परळलाच एका टॉवरमध्ये डेटा एन्ट्री करते आणि संध्याकाळी रॅप करते. गिटार, ढोलकी, रॅप आणि मध्येच चाळीच्या भजनी मंडळाची चाल, असा त्यांचा प्रकार. ऐकताना वाटतं, चाळीच्या पॅसेजमध्ये एका टोकाला भजन चाललंय, दुसऱ्या टोकाला पोरं गिटार घेऊन बसलीत आणि दोघांचं जमून गेलंय. तसंच झालं होतं म्हणे. हा त्यांचा पहिला अल्बम. गाणी नऊ, त्यातल्या तिनांत पेटी.

पेटी वाजवणारे अण्णा म्हणजे प्रथमेशच्या आईचे मामा. वय सत्त्याहत्तर. आधी गिरणीत साचाखात्यात, मागावर, गिरणी गेल्यावर एका बँकेच्या दारावर वॉचमन. गिरणीत असल्यापासून मंडळाची पेटी त्यांच्याकडे. त्या तीन गाण्यांच्या चाली त्यांच्या. मुलांनी शब्द नवे लिहिले, पहिल्या पाळीचे, रेशनच्या रांगेचे, पण चाल अण्णांची.

बाकी सगळी वाद्यं आम्ही आधीच्या दोन आठवड्यांत रेकॉर्ड केली होती. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्यांना शेवटी ठेवलं. पहिल्याच दिवशी मी प्रथमेशला विचारलं होतं, “पेटी कुठल्या पट्टीत?” तो म्हणाला, “काळी एक.” आम्ही सगळं काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, रेकॉर्ड केलं. आणि आता अण्णाही काळी एकच दाबून बसले होते.

निखिल कंपनीतर्फे अल्बमवर देखरेख करत होता. मुलगा वाईट नाही. पण त्याच्यावर एका वेळी चार अल्बम असतात. तो माझ्या टेबलावर रेलला आणि म्हणाला, “मॅडम, पेटी बेसूर आहे. सिंपल. लायब्ररीतली टाकू. कीबोर्डवर तासाभरात होईल. कुणाला कळणार आहे?”

लायब्ररीतली म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आधीच भरून ठेवलेली. कोणीतरी, कुठेतरी, एका चांगल्या पेटीचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला असतो. आपण कीबोर्ड दाबायचा, आवाज पेटीचा येतो.

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. चुकला त्याचा कोपर. तो टॉकबॅकच्या बटणावर होता. ते बटण दाबलं की आमचं बोलणं काचेपलीकडे वाजवणाऱ्याच्या हेडफोनमध्ये जातं.

अण्णांनी भाता बंद केला. खटके लावले, आधी डावा, मग उजवा. हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला. बाहेर येऊन मला म्हणाले, “येतो बाई. चहा छान होता.” निखिलकडे पाहिलंही नाही. दारात चपला घालताना प्रथमेशला म्हणाले, “पेटयेक बेसूर म्हणणारो अजून चाळीत जन्माक येवक नाय.”

“अण्णा, तो चाळीतला नाही ओ,” प्रथमेश म्हणाला.

“ता दिसताच आसा,” म्हणून ते गेले. प्रथमेश मागे धावला आणि दहा मिनिटांनी एकटाच परत आला.

“टॅक्सीत बसले. पेटी उद्या टेम्पोने पाठव म्हणाले. मंडळाची आहे, इथे राहता कामा नये.”

निखिल ओशाळला होता. पण तारीख तारीखच. “सॉरी यार. पण गुरुवारी गाण्यांचे फायनल मास्टर कंपनीत जायलाच पाहिजेत. बुधवार संध्याकाळपर्यंत पेटी बसली तर बसली. नाहीतर मी लायब्ररीची टाकणार.”

तो गेल्यावर प्रथमेश बराच वेळ गिटारची वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, “मॅडम, चाळ रिकामी झाली. मंडळातलं कोण विरारला, कोण बदलापूरला. नवीन बिल्डिंग होईल तेव्हा येतील सगळे. पण पुढच्या अल्बमला वाजवा, असं मी सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू?”

मी म्हटलं, “टेम्पो उद्या दुपारनंतर बोलाव. पेटी आजचा दिवस मला लागेल.”

त्यांना घरी पाठवलं, डबा खाल्ला आणि पेटी टेबलावर घेतली. भाता एका हाताने मारत एकेक पट्टी दाबायची आणि मीटरवर आकडा बघायचा. पेटी बेसूर असती तर आकडे इकडेतिकडे पडले असते, एक सूर दहाने वर, दुसरा वीसने खाली. तसं नव्हतं. मधल्या दोन सप्तकांत सगळे सूर तेहतीस ते छत्तीस सेंट चढे. अपवाद एका काळ्या पट्टीचा, ती पार भलतीकडे होती. रविवारी संध्याकाळी प्रथमेशला फोनवर सांगितलं तर तो हसला. “ती अण्णा वाजवतच नाहीत. म्हणतात, ती माहेरी गेलीय.”

म्हणजे पेटी स्वतःशी सुरात होती. आपल्या जगाशी नव्हती. आपण हल्ली सगळे एकाच मापाने सूर लावतो. एका ठरावीक सुराची सेकंदाला चारशे चाळीस कंपनं धरायची आणि बाकीचे त्यावरून. फोनमधलं ट्यूनर अॅपही तेच माप दाखवतं. जुन्या पेट्या बनवणाऱ्यांनी ते नेहमी पाळलेलं नाही. मंडळाने ही पेटी गिरगावातल्या एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून जुनी घेतली होती, पगाराच्या दिवशी वर्गणी काढून. तिथे ती तशी का लावली होती, मला माहीत नाही. कोणाला विचारायलाही आता कोणी नाही.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. “दोन वर्षं तुम्ही अण्णांबरोबर प्रॅक्टिस केलीत,” मी प्रथमेशला विचारलं. “तेव्हा हे कसं कळलं नाही?”

तो म्हणाला, “तेव्हा आम्ही पेटीवर सूर लावायचो ना.”

“आणि इथे?”

“इथे पेटी नव्हती. फोनवर लावला.”

झालेलं एवढंच होतं. चाळीत कोणीही वाद्य काढलं की आधी अण्णांकडे जायचं, त्यांनी सूर द्यायचा, त्यावर गिटार मिळवायची, त्यावर ढोलकीची दोरी ओढायची. आजूबाजूच्या मंडळांचंही तसंच. त्यात कोणी विचार करत नाही, जसं आपण घरात शिरताना चपला काढण्याचा करत नाही. दोन वर्षं सगळा बँड पस्तीस सेंट वर वाजत होता आणि कोणाला पत्ता नव्हता. स्टुडिओत आले, पेटी नव्हती, अॅप होतं.

आता उपाय. पहिला, पेटी खाली उतरवणं. सोमवारी सकाळी मी गिरगावातल्या ओळखीच्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. पेटीत प्रत्येक सुराच्या पितळी पाती असतात, हवा गेली की त्या थरथरतात. सूर उतरवायचा तर एकेक पात कानशीने जरा जरा घासावी लागते. तो म्हणाला, “आठ दिवस धरा. आणि मॅडम, इतकी जुनी पात आहे, मोडली तर मला दोष देऊ नका. त्या जातीची आता मिळत नाही.” आठ दिवस नव्हते. आणि मंडळाच्या पेटीला त्यांना न विचारता कानस लावणं मला जमलं नसतं.

दुसरा, मशीनमध्ये उतरवणं. लोक हेच आधी विचारतात. येतं का उतरवता? येतं. रविवारी अण्णांनी दीड मिनिट वाजवलं होतं, ते मी पस्तीस सेंट खाली घेऊन बघितलं. पेटीत एका सुराला दोन-दोन पाती असतात, त्या एकमेकींशी किंचित झगडतात आणि त्यातून आवाजाला लहर येते. माझ्या सॉफ्टवेअरला ती लहर समजेना. आकडा बरोबर आला, पण पेटी टेलिफोनच्या होल्डवर वाजल्यासारखी झाली.

तिसरा उपाय उलटा. पेटी जिथे आहे तिथे राहू दे, बाकीचं गाणं वर न्यायचं.

जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं हळू व्हायचं आणि गायिकेचा आवाज घोगरा व्हायचा, आठवत असेल. वेग आणि सूर हातात हात घालून चालतात. मग वेग वाढवला तर सूरही चढतो. पस्तीस सेंट चढवायला वेग किती वाढवायचा? दोन टक्के. चार मिनिटांचं गाणं पाच सेकंदांनी लहान होतं. यात सॉफ्टवेअरला काही समजावं लागत नाही, त्यामुळे बिघडतही काही नाही. मुलांनी ठेका धरला होता मिनिटाला अठ्ठ्याण्णव ठोक्यांचा. दोन टक्के वाढवल्यावर तो बरोबर शंभर झाला. मला असे आकडे आले की बरं वाटतं.

गिटार, बास, ढोलकी मजेत वर गेली. प्रश्न सायलीच्या आवाजाचा होता. सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती आली, हेडफोन लावला आणि ओरडली, “ताई, ही मी नाहीय! ही शाळेतली कुणीतरी गॅदरिंगला उभी आहे!”

“म्हणूनच बोलावलंय. तीनही गाणी परत म्हणायची.”

“आत्ता? दिवसभर एक्सेल भरून आलेय मी.”

“वडापाव मागवते.”

“दोन,” ती म्हणाली आणि आत गेली. तिसऱ्या टेकला बाहेर येऊन म्हणाली, “खरं सांगू? हेच आपलं आहे. आधी गाताना वाटत होतं काहीतरी खाली बसलंय. मला वाटलं एसीमुळे.”

आता फक्त अण्णा राहिले, आणि अण्णा फोन उचलत नव्हते. प्रथमेशचा नाही, त्याच्या आईचाही नाही. टेम्पो मी थांबवून ठेवला होता. मंगळवारी सकाळी प्रथमेशने कळवलं की अण्णा डोळा दाखवायला त्याच्याच हॉस्पिटलात येणार आहेत. मी जाऊन ओपीडीच्या बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसले. डोळ्याला हिरवा चष्मा, हातात फाईल.

“तुम्हाला पण मोतीबिंदू?” त्यांनी विचारलं.

“नाही. तुमच्याकडे आले. अण्णा, पेटी बेसूर नाहीये. मी एकेक सूर मोजला.”

“त्यात मोजायचं काय होतं? मला विचारायचं.”

“तुम्ही निघून गेलात.”

“राहून काय ऐकायचं होतं?” फाईल मांडीवर ठेवून म्हणाले, “मग गडबड कुठं होती?”

“पेटी पस्तीस सेंट चढी आहे. मुलांनी गाणी फोनवर सूर लावून केली.”

“फोनवर?” ते माझ्याकडे वळले. “सूर फोनवर लावला? आणि मी चाळीस वर्षं काय...” पुढचं मालवणीत होतं आणि लिहिण्याजोगं नव्हतं. समोरच्या बाकड्यावरची बाई खुदकन हसली.

“म्हणून सगळं गाणं पेटीपर्यंत वर आणलंय. दोन टक्के.”

“किती?”

“दोन टक्के.”

“दोन टक्क्यांसाठी एवढा तमाशा?” ते हसायला लागले. मग गंभीर झाले. “त्या पोराने पेटीला बेसूर म्हटलं. मला म्हटला असता तर चाललं असतं, मी चुकतो. पेटी मंडळाची आहे. मी काय सांगणार होतो लोकांना, तुमची पेटी नापास झाली?”

हे मला तोवर सुचलं नव्हतं. रविवारपासून मी समजत होते की म्हातारा स्वतःच्या अपमानावर रुसलाय.

“उद्या येता?” मी विचारलं.

“दोन गोष्टी. मी खाली बसणार. तुमच्या त्या खुर्चीवर बसलं की भात्याला हात नीट पोचत नाही. आणि शेजारी टाळ पाहिजे. रिकाम्या खोलीत हेडफोन घालून पेटी वाजवणं म्हणजे एकट्यानेच पंगतीला बसल्यासारखं वाटतं.”

“टाळ सायली वाजवेल.”

“तिला येतो. मीच शिकवलाय. आणि भाडं.”

“कसलं भाडं?”

“पेटीचं. मंडळाची वस्तू बाहेर गेली की भाडं लागतं. लग्नाला गेली तरी लागतं. माझे वाजवायचे पैसे वेगळे, ते मी घेणार, लाजणार नाही. पण पेटीचं भाडं मंडळाला.”

मी म्हटलं, निखिलशी बोलते. तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

बुधवारी सतरंजी अंथरली. माइक जमिनीपासून नऊ इंचांवर आणले. अण्णांनी भाता उघडला, काळी एक दाबली, आणि हेडफोनमध्ये गाणं सुरू झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. तेच हवं होतं. सुरात असलं की कोणी चेहरा करत नाही. समोर सायली टाळ घेऊन. दुसऱ्या टेकला अण्णा वाजवता वाजवता गुणगुणायला लागले आणि ते सगळं पेटीच्या माइकमध्ये आलं. नियमाप्रमाणे मी थांबवायला हवं होतं. प्रथमेश माझ्या मागे उभा होता. तो हळूच म्हणाला, “मॅडम, नको.” मीही थांबवणार नव्हतेच. पेटी आणि गुणगुणणं वेगळं करता येत नाही, आणि ऐकताना ते वेगळं करावंसंही वाटत नाही. तीनही गाणी जेवायच्या सुट्टीआधी संपली.

निखिल चारला आला. आधी आत जाऊन अण्णांच्या पाया पडला. अण्णा म्हणाले, “असू दे, असू दे. कोपर सांभाळ.” मग त्याने माझ्या शेजारी बसून पहिलं गाणं पूर्ण ऐकलं.

“हे चारशे चाळीस नाहीये ना?”

“नाही. चारशे एकोणपन्नास.”

“चालेल?”

“कुणाला कळणार आहे?” मी म्हटलं. तो हसला. पण त्याचा पुढचा प्रश्न रास्त होता. आधीचं गाणं चारशे चाळीसचं आणि लगेच हे, तर ऐकणाऱ्याला सांधा खटकेल का? ती तीन गाणी आम्ही सलग शेवटी ठेवली आणि त्यांच्या आधी चाळीतल्या नळाच्या, बादल्यांच्या आवाजाचा एक तुकडा घातला. तो प्रथमेशने घर रिकामं करायच्या आठवड्यात फोनवर घेऊन ठेवला होता. तेवढ्या अवधीत कान मागचा सूर विसरतो.

मास्टर गुरुवारी सकाळी गेले. अल्बम आला. खूप गाजला असं म्हणणार नाही, पण त्या तीन गाण्यांतलं पहिलं बरंच फिरलं. परळच्या एका दहीहंडीत ते वाजल्याचं सायलीने मला व्हिडिओ पाठवून दाखवलं. माझ्या घरी यजमान ते दाढी करताना लावतात, आणि गुणगुणण्याच्या जागी स्वतःही गुणगुणतात, पस्तीस सेंट खाली.

यातून मी माझ्या कामात एक बदल केला. पूर्वी पहिल्या दिवशी विचारायचे, पट्टी कुठली? आता विचारते, तुमच्या घरी सूर कुणाकडून घेता? ज्याच्याकडून घेतात त्याला पहिल्या दिवशी बोलवायचं, मग तो काही न वाजवता नुसता चहा पिऊन गेला तरी चालेल.

राहिला हिशोब. सायलीच्या गाण्यांचे आणि बुधवारच्या दिवसाचे वाढीव तास कंपनी आणि मी अर्धे अर्धे वाटून घेतले. चूक कोणा एकाची नव्हती. अण्णांना तीन गाण्यांचे वादकाच्या दराने पैसे मिळाले, त्यांनी मोजून घेतले. पेटीच्या भाड्यासाठी कंपनीच्या कागदांत रकाना नव्हता. निखिलने दोन दिवस भांडून ते ‘वाद्यभाडे’ म्हणून मंजूर करवलं, पंधराशे रुपये. ते भजनी मंडळाच्या बँक खात्यात जमा झाले. खातं चालू होतं. पावती विरारहून खजिनदारांनी पाठवली, मंडळाच्या शिक्क्यासह, आणि खाली लिहिलं होतं, ‘पेटी सुस्थितीत परत मिळाली.’